वाचक विचारतात: दुब्रॉव्हनिकहून मोस्तार, एका दिवसात

क्रोएशियाचं बुकिंग करून बसलेल्या इंदूरकर वाचकांची पत्रं या वेळी एकगठ्ठा आली आहेत. बहुतेकांच्या कार्यक्रमात दुब्रॉव्हनिकच्या मुक्कामात एक दिवस 'मोस्तार, गाईडसह' असा छापलेला आहे. मोस्तार हे शेजारच्या बोस्निया-हर्झेगोव्हिना देशातलं नेरेत्वा नदीकाठचं गाव. एका कमानीच्या जुन्या पुलासाठी ते जगभर ओळखलं जातं. सारख्या शंका एकत्र करून उत्तरं देत आहोत.

आम्ही सहा जण आठ दिवस क्रोएशियात आहोत. एजंट म्हणतो, शेंगेन व्हिसा निघाला की बोस्नियाचा वेगळा लागत नाही. खरं आहे का? (रामबाग)

अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच माणूस फसतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, बोस्निया नाही. म्हणजे सकाळी तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता आणि संध्याकाळी पुन्हा आत येता. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तो मुंबई किंवा दिल्लीहून युरोपात उतरलात तेव्हाच वापरून संपला. संध्याकाळी आत येण्यासाठी हातात काही उरत नाही.

व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेशांच्या संख्येचा एक रकाना असतो. तिथे '०१' असेल तर मोस्तार विसरा. 'मुल्ट' (MULT, म्हणजे अनेक प्रवेश) असेल तर जाता येतं. भारतीय पासपोर्टवर अनेक प्रवेशांचा वैध शेंगेन व्हिसा असला की बोस्निया ३० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय येऊ देतो. ही सवलत अनेक प्रवेशांच्या व्हिसालाच आहे, त्यामुळे एका प्रवेशाचा व्हिसा जाताना आणि येताना दोन्हीकडे अडतो. असे नियम बदलत असतात. निघण्याच्या महिनाभर आधी बोस्नियाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

अनेक प्रवेशांचा व्हिसा आपोआप मिळत नाही, तो मागावा लागतो. अर्जात त्या खुणेवर टिक करा. सोबतच्या पत्रात दिवसवार कार्यक्रम लिहा आणि त्यात 'अमुक तारखेला दुब्रॉव्हनिक-मोस्तार-दुब्रॉव्हनिक' अशी स्पष्ट ओळ टाका. सहलीची बुकिंगची पावती जोडा. एजंट सहा जणांचे अर्ज एकाच साच्यात भरतात आणि ही ओळ नेमकी गळते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा लागतो. तो शेंगेनपुरताच आहे की बोस्निया त्यात धरलाय, हेही विचारून घ्या. पुष्कळ स्वस्त विमे सीमेपाशीच संपतात.

सहाही जणांचे स्टिकर वेगवेगळे तपासा. एकाच कुटुंबात चौघांना 'मुल्ट' आणि दोघांना '०१' असं होऊ शकतं. ज्यांचा एकाच प्रवेशाचा निघाला त्यांच्यासाठी त्या दिवशी स्तोन हे गाव ठेवा. मिठागरं, आणि गावाला वेढून डोंगरावर चढलेली सुमारे साडेपाच किलोमीटरची तटबंदी. सगळं क्रोएशियातच आहे. मोंटेनेग्रोच्या कोतोरची सहल मात्र त्यांना पर्याय म्हणून देऊ नका. तोही देश शेंगेनबाहेरच आहे, त्यामुळे परतीची अडचण तीच राहते.

आणि मूळ पासपोर्ट जवळ हवा. 'हॉटेलच्या तिजोरीत सुरक्षित राहील' म्हणून झेरॉक्स घेऊन निघालेल्या माणसाला बस सीमेवर उतरवून पुढे जाते. तिचा इलाज नसतो, चाळीस माणसं खोळंबलेली असतात.

सहलीच्या पत्रकात मोस्तार, पोचितेल, ब्लागाय, क्रावित्सा धबधबा आणि मेजुगोरिये असं सगळं एका दिवसात आहे. दुसऱ्या कंपनीचं फक्त मोस्तार आणि पोचितेल, पण पैसे जवळपास तेवढेच. पहिलं फायद्याचं नाही का? (सुदामानगर)

नाही. इथे ठिकाणं मोजू नका, तास मोजा.

दुब्रॉव्हनिक ते मोस्तार साधारण १४० किलोमीटर. किनाऱ्याचा वळणावळणाचा रस्ता, मग नेरेत्वाच्या खोऱ्यातून वर. बसला एका बाजूला अडीच ते तीन तास, सीमेची रांग सोडून. सकाळी सातला निघून संध्याकाळी सातला परत म्हणजे बारा तास. त्यातले साडेपाच-सहा बसमध्ये गेले. दोन्ही वेळच्या सीमेचा एक तास धरा, जुलै-ऑगस्टमध्ये जास्तच. चहापाण्याचा आणि शौचालयाचा थांबा अर्धा तास. राहिले साडेचार-पाच तास. त्यातून पोचितेलला पाऊण तास दिला तरी मोस्तारला जवळपास चार तास मिळतात, आणि तेवढे पुरेसे आहेत. पाच ठिकाणांच्या सहलीत मोस्तारच्या वाट्याला दीड तास येतो. त्यात पहिला तास गाईडच्या मागे. उरलेल्या अर्ध्या तासात जेवणार की पुलावर उभे राहणार, ते ठरवा.

म्हणून बुकिंगच्या आधी तीन प्रश्न लेखी विचारा. मोस्तारमध्ये एकूण किती वेळ, आणि त्यात मोकळा किती? सीमा कुठून ओलांडणार? जेवण धरलंय की आपलं आपण?

दुसरा प्रश्न वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. क्रोएशियाचा किनारा मध्येच तुटतो. नेऊम गावापाशी सुमारे वीस किलोमीटरची पट्टी बोस्नियाची आहे. १६९९ च्या कार्लोविट्झच्या तहाच्या वेळी दुब्रॉव्हनिकच्या प्रजासत्ताकाने व्हेनिसची हद्द आपल्याला भिडू नये म्हणून मधली जमीन ओटोमानांच्या हाती राहू दिली. शेजारी नको म्हणून मध्ये तिसरा बसवला, आणि ती रेघ आजही नकाशावर आहे. जुन्या रस्त्याने गेलं तर क्रोएशियातून बोस्नियात, परत क्रोएशियात, मग पुन्हा बोस्नियात अशी मोस्तारला पोचेपर्यंत तीनदा सीमा लागते. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा सुमारे २.४ किलोमीटर लांबीचा समुद्रावरचा पूल सुरू झाला आणि नेऊम टाळता येऊ लागलं. या मार्गाने मेत्कोविचपाशी एकदाच सीमा. तरी काही बसगाड्या नेऊमवरून जातात, तिथल्या ठरलेल्या दुकानात थांबायचं असतं म्हणून. कंपनीने 'नेऊमला कॉफीचा थांबा' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ हा असू शकतो.

ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाच्या बाहेरच्या सीमांवर प्रवेश-निर्गमाची नवी संगणकीय नोंद सुरू झाली आहे. शिक्क्याच्या जागी फोटो आणि बोटांच्या ठशांची पडताळणी. माणशी वेळ वाढतो आणि बसची रांग त्या हिशोबाने लांबते. म्हणून त्या रात्रीचं विमान, बोट किंवा आगाऊ पैसे भरलेलं जेवण ठेवू नका.

एक सांगायला हवं. पाच ठिकाणांपैकी क्रावित्सा सुंदर आहे, पण त्याची मजा पोहण्यात आहे. पावसाळ्यात पाताळपाणी पाहिलेल्या इंदूरकराने वीस मिनिटं काठावर उभं राहून फोटो काढण्यासाठी मोस्तारचा तास घालवू नये. मेजुगोरिये हे १९८१ पासून मेरीच्या दर्शनाच्या श्रद्धेने गजबजलेलं कॅथलिक तीर्थ. श्रद्धा असेल तर तिथे पूर्ण दिवस द्यायला हवा, नसेल तर ते गाळता येतं.

पूल २००४ मध्ये बांधलेला आहे असं मुलाने मोबाईलवर वाचलं. मग 'ऐतिहासिक' काय बघायचं? नव्या दगडांसाठी एवढा प्रवास? (तिलकनगर)

मुलाने बरोबर वाचलं, पण अर्धवट. स्तारी मोस्त, म्हणजे 'जुना पूल', सुलतान सुलेमानच्या हुकुमावरून १५५७ मध्ये सुरू झाला आणि १५६६ मध्ये पुरा झाला. आपल्याकडे तालिकोटची लढाई झाली त्याच्या पुढच्या वर्षी. बांधणारा मिमार हैरुद्दीन, थोर वास्तुकार सिनानचा शिष्य. नदीत एकही खांब नाही. एकच कमान, तिचा गाळा सुमारे २८.७ मीटर, रुंदी ४ मीटर. दोन्ही टोकांना एकेक बुरूज: हेलेबिया आणि तारा. पुलाच्या राखणदारांना 'मोस्तारी' म्हणत, त्यावरून गावाचं नाव.

९ नोव्हेंबर १९९३ रोजी, बोस्नियाच्या युद्धात, बोस्नियन क्रोएट सैन्याच्या रणगाड्याच्या माऱ्याने तो कोसळला. ४२७ वर्षं उभा होता. युद्धानंतर युनेस्को, जागतिक बँक आणि इतर संस्थांच्या मदतीने तो पुन्हा बांधला, २३ जुलै २००४ रोजी खुला झाला आणि २००५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला.

आता तो नवा म्हणून सोडून द्यायचा का? जवळ जाऊन पाहा. दगड 'तेनेलिया' नावाचा, मोस्तारच्याच परिसरातल्या खाणीचा फिकट चुनखडक. तो छिन्नीला मऊ लागतो. नदीत पडलेले मूळ दगड हंगेरीच्या सैन्याच्या पाणबुड्यांनी वर काढले, पण ते पुन्हा कमानीत बसवण्याच्या लायकीचे राहिले नव्हते. म्हणून त्याच जातीचा नवा दगड काढला आणि जुन्याच रीतीने घडवला. शेजारच्या दोन दगडांत खाच, खाचेत लोखंडी आकडा आणि वरून ओतलेलं वितळलेलं शिसं. नुसता चुना भरला असता तर लोखंडाला पाणी लागून गंज चढला असता, आणि गंजलेलं लोखंड फुगून दगड फोडतं. शिसं खाच बंद करतं आणि किंचित दबतं, त्यामुळे उन्हाथंडीत दगड हलले तरी तडकत नाहीत. महेश्वरचा घाट बारकाईने पाहणाऱ्या माणसाला या कामात रस वाटेल.

कमान पाहायला पुलावर उभं राहू नका, तिथून ती दिसतच नाही. पुलाच्या पायथ्याशी नदीच्या गोट्यांपर्यंत उतरा, किंवा खालच्या अंगाच्या लुच्की पुलावर जा. तिथून कमान, बुरूज आणि मागचे मिनार एका चौकटीत येतात. कोस्की मेहमेद पाशा मशिदीच्या अंगणातूनही छान दिसते. तिथे तिकीट लागतं, मिनारावर चढायला जिना अगदी अरुंद आहे. मशिदीत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांनी ओढणी जवळ ठेवावी.

आणि मोस्तार म्हणजे फक्त पूल नव्हे. गाईडचा फेरफटका संपला की मोकळ्या वेळात पुलापासून पश्चिमेला दहा-बारा मिनिटं चालत 'बुलेवार' या रस्त्यावर जा. १९९३ मध्ये लढाईची रेषा इथेच होती, पश्चिमेला क्रोएट, पूर्वेला बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुस्लिम. गोळ्यांनी चाळण झालेल्या, छप्पर नसलेल्या काही इमारती अजून तशाच उभ्या आहेत. आत शिरू नका, मजले आणि भिंती कच्च्या झाल्या आहेत. इथलं राजकारण आजही या दोन बाजूंत विभागलेलं आहे. २००८ नंतर महापालिकेची निवडणूक थेट डिसेंबर २०२० मध्ये झाली, यावरून कल्पना यावी.

गाईड कोणत्या बाजूचा आहे त्यावर वाक्यं बदलतात. 'पूल पडला' आणि 'पूल पाडला' यातला फरक मराठी माणसाला समजावायला नको. दुब्रॉव्हनिकहून सोबत आलेला गाईड साधारण बसमध्ये बोलतो आणि गावात स्थानिक परवानाधारक गाईड सूत्रं घेतो. दोघांचंही ऐका. स्थानिक माणसाला 'तुम्ही तेव्हा कुठे होतात?' असं सगळ्यांसमोर विचारू नका. सांगायचं असेल तर तो स्वतः सांगेल.

आम्ही शाकाहारी, सासूबाई अंडंही खात नाहीत. दुपारी उपाशी राहावं लागेल का? ठेपले-पराठे बांधून न्यावेत का? (राजेंद्रनगर)

उपाशी राहणार नाही, फक्त एक शब्द जपून वापरा: बुरेक, म्हणजे पातळ पोळीत सारण गुंडाळून भाजलेला पदार्थ. इतर देशांत 'चीज बुरेक', 'पालक बुरेक' असं सर्रास म्हणतात. बोस्नियात बुरेक म्हणजे फक्त खिम्याचा. बाकी सगळ्यांना 'पिता' हे सामान्य नाव आणि सारणानुसार वेगळं नाव. 'व्हेज बुरेक' मागितलंत तर दुकानदार हसेल, किंवा घाईत खरोखरच बुरेक देईल, कारण गुंडाळी वरून सारखीच दिसते.

बटाट्याचा असेल तो क्रोम्पिरुशा. चीजचा सिर्नित्सा. पालकासारख्या पालेभाजीचा झेल्यानित्सा. तिन्ही कागदासारख्या पातळ पोळीत गुंडाळून, चक्रीसारखे वळून भाजतात. चांगल्या दुकानात झाकणावर निखारे ठेवून भाजतात. दाल-बाफले निखाऱ्यात भाजताना पाहिलेल्यांना ती खरपूस चव ओळखीची वाटेल. सिर्नित्सा आणि झेल्यानित्साच्या सारणात बरेचदा अंडं असतं, म्हणून सासूबाईंसाठी क्रोम्पिरुशा. त्यात बटाटा, मीठ, मिरपूड आणि कांदा. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मात्र अडचण, कारण सारण सकाळीच तयार होतं, ऐनवेळी कांदा काढता येत नाही. तशांनी बांधलेले ठेपलेच न्यावेत.

एक पोर्शन एका माणसाला पोटभर होतो. सोबत पातळ दही घेतात, ते मागून घ्या. मिठाचं असतं, पण लस्सीच्या जवळपास जातं. अशा दुकानाच्या पाटीवर 'बुरेग्जिनित्सा' लिहिलेलं असतं. पुलाला लागून असलेल्या हॉटेलांत तेच दुप्पट पैशांत मिळतं, आणि बरेचदा गरम करून दिलेलं. दोन गल्ल्या आत जा. भट्टी आणि सुरी सगळ्या प्रकारांना एकच असते. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी आपलं घरचंच खावं, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

तीन वाक्यं देवनागरीत लिहून खिशात ठेवा. 'बेझ मेसा' म्हणजे मांस नको. 'बेझ याया', अंडं नको. 'बेझ लुका', कांदा नको. सूप शक्यतो घेऊ नका, आधार बहुतेकदा हाडांचा असतो. राजमा किंवा घेवड्यासारखं दिसणारं 'ग्राह' ओळखीचं वाटतं, पण त्यात धुरावलेल्या मांसाचा तुकडा टाकायची पद्धत आहे. द्राक्षाच्या किंवा कोबीच्या पानांच्या गुंडाळ्यांतही खिमा. गोडात तुफाहिया, म्हणजे अक्रोडाचं सारण भरून पाकात शिजवलेलं सफरचंद, निर्धास्त खा.

कॉफी मात्र चुकवू नका. तांब्याच्या गोल तबकात लांब दांड्याचं छोटं भांडं, जेझ्वा. बिनकानाची वाटी, फिल्जान. साखरेचा खडा, रहात लोकूम या मऊ मिठाईचा तुकडा आणि पाण्याचा पेला. आधी पाणी प्या. चमच्याने वरचा फेस वाटीत घ्या, मग हळू ओता, ढवळू नका. गाळ तळाशी बसलेला असतो आणि तो प्यायचा नसतो. साखरेचा खडा वाटीत टाकत नाहीत. त्याचं टोक कॉफीत बुडवून चावायचं आणि वर घोट घ्यायचा. ही अर्ध्या तासाची गोष्ट आहे. निघायला दहा मिनिटं उरली असताना मागवू नका.

पुलावरून तरुण उड्या मारतात म्हणे. आमच्या एकोणीस वर्षांच्या मुलालाही मारायची आहे, पोहणं उत्तम येतं. (लोकमान्यनगर)

त्याला बघू द्या, मारू देऊ नका.

नदीच्या पाण्याच्या पातळीप्रमाणे उंची वीस मीटरच्या वरखाली असते. वीस मीटरवरून पडणारा माणूस पाण्याला ताशी सुमारे सत्तर किलोमीटर वेगाने आपटतो. त्या वेगात अंग जरा तिरकं पडलं तरी पाणी फरशीसारखं लागतं, बरगडी मोडते, मणका दबतो. दुसरं म्हणजे पाणी. बाहेर चाळीस अंश ऊन असताना नेरेत्वा अंग गोठवणारी असते. थंड पाण्यात अचानक गेलं की माणूस नकळत हापसून श्वास ओढतो. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. याचा पोहता येण्याशी संबंध नाही. पुढे प्रवाहही जोराचा आहे.

तिथले उडी मारणारे वर्षानुवर्षं सराव केलेले असतात आणि उडीआधी अंगावर गार पाणी घेतात. फारच हौस असेल तर त्यांच्या क्लबकडून खालच्या सरावाच्या मंचावर पैसे भरून शिकता येतं. पण एका दिवसाच्या सहलीत त्याला वेळ नसतो, आणि तुमचा प्रवासविमा साहसी खेळांना लागू आहे का, तेही आधी वाचा.

बघणाऱ्यांसाठी सूचना. उडी मारणारा कठड्याबाहेर उभा राहतो, हात फैलावतो, आता जाईलच असं वाटतं, आणि तो परत येतो. त्याचा साथीदार गर्दीतून पैसे गोळा करत असतो. ठरलेली रक्कम जमली की उडी. यात फसवणूक काही नाही, हा त्यांचा धंदाच आहे. दोन-चार युरो द्या, पण मोजक्या वेळातली चाळीस मिनिटं वाट बघण्यात घालवू नका. सहली गावात असतात त्या दुपारच्या वेळी पैसे लवकर जमतात.

आईचे गुडघे दुखतात. चालणं किती? (सुदामानगर)

बस जुन्या गावात शिरत नाही, दहा-पंधरा मिनिटं चालावंच लागतं. खरा त्रास अंतराचा नाही, जमिनीचा आहे. गल्ल्यांत नदीतले गोटे उभे रोवून फरसबंदी केली आहे. चार शतकांच्या आणि लाखो पावलांच्या घासण्याने ती गुळगुळीत झाली आहे, पावसात तर साबण लावल्यासारखी. पुलावर चढ तीव्र आहे आणि पाय घसरू नये म्हणून दगडात आडव्या उंचवट्याच्या पट्ट्या काढल्या आहेत. पट्टीवर पाऊल ठेवायचं, दोन पट्ट्यांच्या मध्ये नाही. चपला, चामड्याचे तळवे बाद; रबरी खोलगट तळव्याचे बूट हवेत. काठी असेल तर तिचं खालचं रबर नवं बसवून घ्या.

आईंना पूल ओलांडायला लावू नका. अलीकडच्या काठावर गच्चीच्या कॅफेत बसवा, तिथूनही तो दिसतो. पोचितेलला गड-गाव चढणीवर आहे, सगळ्या पायऱ्या. तिथे त्यांनी बसथांब्याजवळच थांबावं. चाकांची खुर्ची जुन्या गावात चालत नाही.

तांब्याची भांडी घ्यावीत का? खरी-खोटी कशी ओळखायची? (इंदूर, बर्तन बाजारात दुकान असलेले वाचक)

तुम्हाला आम्ही काय सांगणार! तरी बाकीच्यांसाठी.

पुलाच्या पूर्वेकडच्या काठावर कुयुंजिलुक ही जुनी कारागिरांची गल्ली आहे. काही जण अजून दुकानाच्या दारात बसून छिन्नी-हातोडीने नक्षी काढतात, बाकी माल कारखान्याचा असतो. हाताने कोरलेल्या नक्षीच्या रेघा थोड्या कमी-जास्त खोल असतात. यंत्राने दाबलेली असेल तर आतल्या बाजूला तीच नक्षी उलटी उठलेली दिसते. भांडं हातात घेऊन आत बघा, हे पहिलं.

जेझ्वा वापरायचा असेल तर आत कल्हई हवी. एकसारखी, पांढरी चकाकी, कुठे तांबूस ठिपका नाही. फक्त शोभेच्या भांड्याला कल्हई नसते आणि बाहेरून लाखेसारखं वार्निश दिलेलं असतं. गॅसवर ठेवलं की ते जळून काळं पडतं आणि वास मारतं. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून रिकामा जेझ्वा कधीही आचेवर ठेवू नका. पाणी आत असेपर्यंत तापमान शंभराच्या वर जात नाही. दांडा रिव्हेटने जोडलेला घ्या, नुसतं झाळलेलं सुटतं. पुढे कल्हई उडाली तर इंदुरात करून मिळेल, तिकडे परत पाठवायला नको.

आणि एक वस्तू घेऊ नका. रिकाम्या काडतुसांपासून केलेली पेनं, किचेन आणि छोटी विमानं त्या गल्लीत ढिगाने विकायला असतात. विमानतळावर क्ष-किरण यंत्रात ते काडतूस म्हणूनच दिसतं. सुरक्षा रक्षकाला ते पेन आहे हे समजावण्यात विमान सुटतं, आणि भारतात उतरल्यावरही चौकशी टळत नाही. मुलांच्या सामानात गुपचूप शिरलेलं असतं, शेवटच्या रात्री बॅगा उपसून बघा.

बारीकसारीक: पैसे, फोन, महिना? (रामबाग, तिलकनगर)

बोस्नियाचं चलन परिवर्तनीय मार्क, आणि एका युरोला १.९५५८३ हा दर कायमचा बांधलेला. जुन्या गावात युरो चालतात, पण दुकानदार सोयीने एकास दोन धरतो आणि सुट्टे मार्कात परत देतो. ते मार्क बोस्नियाबाहेर कोणी बदलून देत नाही. म्हणून लहान नोटा आणि नाणी जवळ ठेवा, शौचालयांना तीच लागतात. कार्डावर यंत्राने 'युरोत की मार्कात' विचारलं तर मार्क निवडा. दुसरा पर्याय यंत्राच्या मालकाचा दर लावतो.

युरोपीय संघासाठी घेतलेलं सिम किंवा पॅक बोस्नियात चालेलच असं नाही, देशांच्या यादीत नाव बघा. नसेल तर सीमेच्या आधी डेटा रोमिंग बंद करा. नकाशा हॉटेलच्या वायफायवर उतरवून घ्या, आणि गाईडने सांगितलेली परतीची वेळ व बस थांबलेल्या जागेचा फोटो काढून ठेवा.

मे, जून किंवा सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि दगडी गल्ल्या तव्यासारख्या तापतात. इंदुरातल्या मे महिन्याची सवय असलेल्यांनाही टोपी आणि पाण्याची बाटली लागेलच. परतीला चीज, कायमाक (साईसारखा दुधाचा पदार्थ) किंवा मांसाचे पदार्थ घेऊ नका, युरोपीय संघाच्या सीमेवर ते काढून घेतात. बसमध्ये उलटीचा त्रास असेल तर गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्या आणि पुढच्या सीटा आदल्या दिवशीच सांगून ठेवा. जाताना डाव्या बाजूला समुद्र दिसतो.